रोबोकडून कडा कापून घेताना

संपादक महोदय,

ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुना रोबो घेऊन, त्याला स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) लावून फायबर किंवा प्लायच्या कडा कापायचा विचार करणाऱ्या लघुउद्योजकांसाठी हे पत्र.

आधी टूलचं टोक नेमकं कुठे आहे हे रोबोला कळलं पाहिजे. एकाच अणकुचीदार टोकाला टूल चार वेगवेगळ्या कोनांतून टेकवा. इथे अर्धा मिलिमीटर चूक राहिली, तर टूल कललं की ती कडेवर उमटतेच. मग जॉबची, म्हणजे कापायच्या तुकड्याची, फ्रेम (तो कुठे आणि कसा ठेवलाय याची नोंद) तीन बिंदूंनी घ्या, आणि ते बिंदू एकमेकांपासून लांब ठेवा. बहुतेक रोबोंत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनसारखं कटरच्या त्रिज्येचं ऑफसेट, म्हणजे वाट आपोआप तेवढी बाजूला सरकवणं, मिळत नाही. ६ मिमी कटर असेल तर वाट ३ मिमी बाहेरूनच आखावी लागते.

खरी गडबड कोपऱ्यात होते. प्रत्येक बिंदूवर थांबायला सांगितलं तर कटर तिथेच घासतो, प्लाय करपतो. ब्लेंड (बिंदूवर न थांबता किती आधी वळायचं ते अंतर) वाढवला तर कोपरा गोल होतो. ०.५ ते १ मिमीपासून सुरुवात करून बघा. रोबोचा हात सीएनसी मशीनइतका ताठ नसतो, म्हणून एका दमात खोल काप नको. सहा अक्षांच्या रोबोत पाचवा अक्ष (मनगटाचा सांधा) शून्य अंशाजवळ गेला की मनगट अचानक गरकन फिरतं. ते टाळायला जॉब थोडा तिरका बांधा.

पहिली फेरी स्पिंडल बंद ठेवून, जॉबच्या २० मिमी वरून, कमी वेगाच्या मॅन्युअल मोडमध्ये घ्या. तिथे वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही.

प्रशिक्षण वर्गांनी नुसतं उचल-ठेव न शिकवता हेही शिकवावं, ही कळकळीची विनंती.

– रोबो प्रोग्रॅमर, रबाळे, नवी मुंबई