आरोपीच साक्षीदार

लंबू,

आठ महिने झाले, तुझ्या मेसेजला उत्तर देतो देतो म्हणतोय. कारण काही नाही, आळस. तब्येत बरी, पाठ अधूनमधून बोलते, सोड ते. आज लिहितोय कारण जे झालंय ते घरी सांगितलं तर "पन्नास पिकोसेकंदांसाठी जेवला नाहीस?" असं विचारतील.

तुझं खरं होतं. टी-झीरोचं, म्हणजे टक्कर नेमकी कधी झाली त्या वेळेचं. घे, लिहून दिलं.

कंट्रोल रूममध्ये रात्री अडीचला भांडलो होतो बघ, तू म्हणालास ज्या ट्रॅकची, म्हणजे ज्या कणाच्या वाटेची, ओळख पटवायचीय त्यालाच टक्कर कधी झाली ते विचारायचं म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करणं, आणि मी म्हणालो शंभर ट्रॅकच्या सरासरीत एकट्याने काय होतंय. शंभरात काही होत नाहीच, तेवढं माझं अजूनही बरोबर आहे! पण कमी गर्दीच्या टकरीत टीओएफपर्यंत, म्हणजे कण किती वेळात पोचला ते मोजणाऱ्या डिटेक्टरपर्यंत, तीनच ट्रॅक पोचतात तेव्हा? साडेतीन मीटरवर 3 जीईव्ही संवेगाचा जड केऑन तेवढ्याच संवेगाच्या हलक्या पायॉनच्या मागून जेमतेम 145 पिकोसेकंदांनी येतो, तेवढ्यात प्रकाशसुद्धा साडेचार सेंटीमीटरही जात नाही, आणि आपल्या डिटेक्टरची अचूकता चांगल्या दिवशी 80 पिकोसेकंदांची. त्यात माझा कोड सगळ्यांना आधी पायॉन धरून टी-झीरो काढतो. म्हणजे तिघांत एक केऑन असला की तो सुरुवातीची वेळच 48 ने पुढे ढकलतो आणि मग स्वतः 145 ऐवजी 97 नेच उशिरा आलेला दिसतो. गेला पायॉनच्या ढिगात.

मग काय, गर्दी वाढेल तशी ही चूक विरते आणि केऑन-पायॉन रेशो मस्त चढत जातो. आणि दुर्दैव बघ, प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतही गर्दीबरोबर स्ट्रेंज कणांचं (केऑन त्यातलाच) प्रमाण वाढतं हे सर्नच्या ॲलिस प्रयोगवाल्यांनी 2017 मध्ये छापलेलंच आहे, त्यामुळे माझा चढ बघून कुणाला शंकाच आली नाही. उतार दिसला असता तर पहिल्याच मीटिंगमध्ये सोलला असता मला. म्हाताऱ्याने तर माझ्या स्लाइडवर चक्क "गुड" म्हटलं, विचार कर.

मंगळवारी भलताच बग शोधताना प्रत्येक ट्रॅकला वगळून त्याचा टी-झीरो काढला. चढ अर्ध्यावर. परत चालवलं. अर्ध्यावरच.

प्लॉट मेला तर मेला रे. पण चिमणीच्या थीसिसचा आख्खा चौथा चॅप्टर यावर उभा आहे. आणि तिने मागच्या वर्षी विचारलं होतं, कमी ट्रॅक असताना रेझोल्यूशन 80 च्या जागी 65 का दिसतं, सुधारायचं कारण काय? स्वतःशीच तुलना केल्यावर सुधारणारच ना! मी काय म्हणालो असेन? "इव्हेंट कमी आहेत, सोड." तुला बोललो होतो त्याच तोऱ्यात. तिने सोडलं. तू निदान दार आपटून गेला होतास.

सोमवारी तिला सांगायचंय. आधी तिला सांगू की आधी म्हाताऱ्याला? म्हाताऱ्याला आधी सांगितलं तर तो तिच्यावरच घसरेल, तुला माहितीय तो.

तुझं नवीन ऑफिस कसंय? पिल्लू चालायला लागलं असेल. वहिनींना नमस्कार.

आणि ट्रॅक वगळणारी तुझी ती जुनी स्क्रिप्ट कुठे पडली असेल तर रविवारच्या आत पाठव, माझी मला पटत नाहीये. सोबत "सांगितलं होतं" लिहिलंस तरी चालेल, पण एकदाच.

तुझा,
जाड्या