वाचनालयाच्या ताईंना

आदरणीय ताई,

परवा आमच्या विहिरीवर दोन्ही घरांनी मिळून नवा पंप बसवला. नारळ फोडताना काकांनी सगळ्यांदेखत तुमचं नाव घेतलं. तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून हे पत्र. गावातल्यांनी आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनीही वाचावं, म्हणून उघडच लिहितोय.

आगरातली, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतली विहीर कुणाची, यावरून आमच्या आणि काकांच्या घरांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. गणपतीत आरत्यासुद्धा वेगळ्या. वडील गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, मेणकापडात गुंडाळलेला एक कागद सापडला. सगळा जुन्या मोडी लिपीत. एका कचेरीत दाखवला, तर "हे आता कोण वाचणार?" म्हणून हातात परत दिला. बाहेर एकाने वाचून देण्याचे जे पैसे सांगितले, ते ऐकून मी कागद पुन्हा ट्रंकेत टाकला.

वाचनालयात मी आलो होतो तो आईची पुस्तकं बदलायला. सहज विषय निघाला. तुम्ही म्हणालात, "घेऊन या, बघू तरी." आणला, तेव्हा तुम्ही आधी हात धुऊन पुसलेत, टेबलावर स्वच्छ कापड पसरलंत आणि कागद उलगडून एवढंच म्हणालात, "याची घडी आता पुन्हा घालू नका. घडीवरच फाटेल." मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरून मोडी शिकवणारं एक जुनं पुस्तक काढलंत.

"अर्थ मी सांगणार नाही," तुम्ही म्हणालात. "भांडण तुमच्या घरचं आहे. माझ्या तोंडून आलेला शब्द एकाला गोड लागेल, दुसऱ्याला कडू. अक्षरं लावायला मात्र शिकवते."

तेव्हा मला थोडा राग आला होता, ताई. आज वाटतं, बरं झालं.

मग शनिवार सुरू झाले. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला हे अर्थावरून ओळखायचं, आणि अर्थ लागायला तर शब्द कळायला हवा! तारखेपाशी तुम्ही सांगितलंत की शकाच्या आकड्यात 78 मिळवा. शके 1809, म्हणजे 1887. माझ्या पणजोबांच्या वडिलांचा काळ. चतुःसीमा लवकर लागली, कारण शब्द आपलेच होते: पूर्वेला पऱ्या म्हणजे ओढा, पश्चिमेला पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, उत्तरेला गडगा म्हणजे दगडांचं कुंपण. पुढच्या एका ओळीवर दोन शनिवार अडलो.

तिसऱ्या शनिवारी आलो, तर माझ्या खुर्चीशेजारी काकांची नात बसलेली. बारावीतली पोर, गेली कित्येक वर्षं रस्त्यात दिसली तरी मान वळवणारी. तुम्हीच निरोप धाडून तिला बोलावलं होतंत. मी उठून जाणार होतो. तुम्ही वर न बघता कार्डं लावत म्हणालात, "कागद एकच आहे. दोन्ही घरच्यांनी वाचलेला बरा."

अडलेली ओळ तिनेच सोडवली. मी "उभय" वर थांबलो होतो, तिने पुढचं अक्षर त्याला जोडलं: "उभयतांची वहिवाट". दोघांचीही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. तिने ओळ पुन्हा एकदा वाचली आणि पहिल्यांदाच मला "काका" म्हणाली.

कोकणाला वाचनालयं नवी नाहीत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. महाराष्ट्रात 1967 साली ग्रंथालयांचा कायदा झाला, पुढे अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. आपलं वाचनालय शेवटच्या, ड वर्गातलं. दोन खोल्या, कौलारू छप्पर, आणि तुमचं मानधन एवढं तुटपुंजं की इथे लिहायला मला संकोच वाटतो. त्यात अनुदानाचे हप्ते कधी येतील याचा नेम नाही. तरी दर पावसाळ्याआधी तुम्ही एकेक पुस्तक काढून पुसता, उन्हं दाखवता, कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवता. कसर आणि बुरशी यांच्याशी तुमचं हे भांडण मी लहानपणापासून पाहत आलोय. 2021 च्या 22 जुलैला चिपळूण बुडालं, तिथल्या वाचनालयातही पाणी शिरलं, हजारो पुस्तकं भिजली. ती बातमी आली त्याच संध्याकाळी तुम्ही खालच्या फळीवरची सगळी पुस्तकं वर चढवलीत. आपली खाडी अर्ध्या मैलावर आहे, हे तुम्ही विसरला नव्हतात.

आईचंही सांगायचं राहिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला बारीक टाइप वाचवत नाही. तेव्हापासून तुम्ही मोठ्या अक्षरातली पुस्तकं तिच्यासाठी बाजूला काढून ठेवता, न सांगता. ती म्हणते, "त्या पोरीला माझी नजर कळते."

ताई, मनापासून आभार. मोडीचं ते पुस्तक अजून माझ्याकडेच आहे, मुदत संपून गेली. शनिवारी आणतो. पण लगेच फळीवर ठेवू नका. पुतणीला काकांच्या माळ्यावर आणखी चार कागद सापडलेत, ती सोबत येणार आहे.

आपला,
विहिरीकडच्या घरातला थोरला