शिकागोचा १३वा मतदारसंघ

महोदय,

बराक ओबामा यांची राजकीय कारकीर्द इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये, शिकागोच्या १३व्या मतदारसंघातून सुरू झाली, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या जागेवर प्रतिनिधी कसे येत गेले, याकडे फारसे लक्ष जात नाही. अ‍ॅलिस पामर १९९१ मध्ये नियुक्तीने आल्या. १९९६ मध्ये ओबामांच्या सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या, खुद्द पामर यांच्याही, अर्जांवरील मतदारांच्या सह्या तपासून आक्षेप घेतले आणि पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर त्यांचे एकट्याचेच नाव उरले. पुढे २००४ मध्ये क्वामे राऊल आणि २०१९ मध्ये रॉबर्ट पीटर्स हेही आधी नियुक्तच झाले, कारण तेथे रिकामी जागा पक्षाचे स्थानिक पदाधिकारी भरतात. हे चौघेही कर्तबगार असतील, पण नवा चेहरा निवडण्याचा पहिला हक्क मतदारांचाच असायला हवा, असे मला मनापासून वाटते. सीमांच्या बाबतीतही मतदारांना कोणी विचारले नाही: २००१ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या आयोगात दोन्ही पक्षांची बरोबरी झाल्याने लिंकन यांच्या टोपीच्या प्रतिकृतीतून चिठ्ठी काढली गेली, ती डेमोक्रॅटिक पक्षाची निघाली आणि नव्या नकाशात ओबामांचा मतदारसंघ हाइड पार्कपासून उत्तरेकडच्या श्रीमंत वस्तीपर्यंत ताणला गेला.

— एक वाचक, पुणे