आयफोन खपत नाही हे मोजलं कुणी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आयफोनची क्रेझ ओसरली, मागणी घटतेय असा मोठा लेख आला होता, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आधीच सांगते, माझा स्वतःचा फोन साधा अँड्रॉइड आहे, आयफोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीशी माझं काही देणंघेणं नाही. मी छोट्या दुकानदारांच्या जीएसटीची कामं करते, त्यात जेल रोडवरची दोन-चार मोबाइलवाली मंडळी पण आहेत, त्यामुळे आकडा दिसला की तो कशाचा आहे हे विचारायची खोड लागलीय. आणि तुमच्या लेखात नेमकं तेच कुठे सापडलं नाही. घटली म्हणजे काय घटलं, नग घटले, पैसा घटला, की वापरणारे घटले? ही तीन वेगळी खाती आहेत हो, आणि लेखात सगळी एकाच पानावर मांडून टाकलीत.

लेखात म्हटलंय की कंपनीने कारखान्यांच्या ऑर्डरी कापल्या अशी बाहेरून बातमी आहे. ही बातमी दर एक-दोन वर्षांनी थंडीत येतेच. 2013 च्या जानेवारीत पण आली होती, तेव्हा ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुकनी सांगितलं होतं की आमचा माल इतक्या ठिकाणाहून येतो की एखाद्या पुरवठादाराचा आकडा खरा असला तरी त्यावरून आमच्या धंद्याचा अंदाज बांधता येणार नाही. आता तो कंपनीचा माणूस, तो तसंच बोलणार हे मान्य. पण 2018 च्या सुरवातीला काय झालं बघा, आयफोन एक्स चालला नाही, उत्पादन अर्ध्यावर आणलं असा सगळीकडे बोभाटा झाला, आणि डिसेंबर 2017 च्या तिमाहीचा निकाल आला तेव्हा आयफोनचे नग खरंच 1 टक्क्याने कमी निघाले. 7 कोटी 83 लाखांवरून 7 कोटी 73 लाख. झालं, लगेच मथळे, विक्री घसरली. पण आदल्या वर्षीची तिमाही 14 आठवड्यांची होती आणि ही 13 आठवड्यांची! कंपनीचं वर्ष आठवड्यांवर चालतं त्यामुळे काही वर्षांनी एक आठवडा जास्तीचा येतो. आठवड्याच्या हिशोबाने बघितलं तर आधी 56 लाख होते ते 59 लाखांच्या वर गेलेले, म्हणजे घट नव्हतीच, वाढ होती. आमच्याकडे एखाद्याने 14 आठवड्यांचा गल्ला 13 आठवड्यांच्या गल्ल्याशी ताडून दाखवला तर मी वही परत पाठवीन.

त्या पूर्ण वर्षाचा हिशोब तर अजून मजेशीर आहे. 2018 च्या आर्थिक वर्षात आयफोन विकले गेले साधारण 21 कोटी 77 लाख, आदल्या वर्षी 21 कोटी 68 लाख, म्हणजे जवळजवळ तेवढेच, पण आयफोनमधून आलेला पैसा 18 टक्क्यांनी वाढला कारण महागडं मॉडेल जास्त खपलं. आता सांगा मागणी वाढली की थांबली? दोन्ही म्हणता येतं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने जाहीर केलं की आता आम्ही नग सांगणारच नाही, फक्त पैसा सांगू. तेव्हापासून तुम्ही-आम्ही जे नगांचे आकडे वाचतो ते बाहेरच्या संस्थांनी बांधलेले अंदाज असतात, ते पण बहुतेक वेळा कंपनीकडून डीलरकडे किती माल गेला याचे. डीलरच्या गोडाऊनमधून तो तुमच्या खिशात कधी गेला हे वेगळंच. हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

बरं, विक्री कधी पडलीच नाही असं मी म्हणत नाहीये. 2016 मध्ये पडली, 2015 ला 23 कोटींच्या वर नग होते ते 21 कोटींवर आले. 2019 मध्ये तर टिम कुकनी 2 जानेवारीला गुंतवणूकदारांना पत्र लिहून नुकत्याच संपलेल्या तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाजच खाली आणला, 89 ते 93 अब्ज डॉलर म्हणाले होते त्याचे 84 केले, आणि त्या वर्षी आयफोनचा पैसा जवळपास 14 टक्क्यांनी खाली आला. मोठं कारण चीनच होतं. पण त्या पत्रात एक छोटं कारण दिलंय ते मला फार आवडतं, बॅटरी! डिसेंबर 2017 मध्ये कंपनीने कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेले फोन आम्ही मुद्दाम हळू चालवतो, त्यावरून आरडाओरडा झाला, मग 2018 भर बॅटरी बदलायचा भाव उतरवला, आपल्याकडे 6,500 चं काम 2,000 च्या आसपास झालं. लोकांनी बॅटरी बदलली, फोन पुन्हा पळायला लागला, आणि नवा घेणं राहून गेलं. ज्याने 2,000 रुपयात जुना फोन ठणठणीत करून घेतला तो माणूस आयफोनला कंटाळला असं तुम्ही म्हणणार का? आकड्यात मात्र तो घट म्हणूनच दिसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोन टिकायला लागलेत. 2018 सालचा आयफोन एक्सआर घ्या, त्याला 2024 पर्यंत नवं सॉफ्टवेअर मिळत होतं. 2018 च्या जानेवारीत कंपनी म्हणत होती की आमची 130 कोटी उपकरणं वापरात आहेत, 2025 च्या जानेवारीत तो आकडा 235 कोटी झाला. यात आयपॅड, कॉम्प्युटर, घड्याळं सगळं आलं हे खरं, पण बहुतेक फोनच असणार. वापर एवढा वाढला आणि तुम्ही विक्रीच्या आकड्यावरून ओहोटी म्हणताय. कुकरची विक्री घटली म्हणून घरोघरी वरण शिजायचं बंद झालं असं कुणी म्हणत नाही.

आता इंदूरचं. तुमच्या प्रतिनिधींनी एका चकाचक शोरूममध्ये जाऊन बघितलं, गर्दी दिसली नाही, लिहिलं की इंदूरच्या तरुणाईने पाठ फिरवली. अहो, तिथून निघून राजवाड्याकडे आले असते आणि संध्याकाळी जेल रोडला डॉलर मार्केट या मोबाइलच्या बाजारात शिरले असते तर पाय ठेवायला जागा मिळाली नसती. तिथे सीलपॅक कमी आणि सेकंडहँड जास्त खपतो. काउंटरवर जे चालतं ते बघण्यासारखं असतं. गिऱ्हाईकाने फोन ठेवला की पोरगा आधी सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी हेल्थ बघतो, 80 टक्क्यांच्या खाली असेल तर तिथे सर्व्हिस असं लिहून येतं आणि भाव तिथेच तुटतो. मग अबाउटमध्ये जाऊन स्क्रीन नाहीतर कॅमेरा बाहेरचा टाकलाय का ते बघतो, मग स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढतो आणि डब्ब्यावरच्या नंबराशी लावून बघतो, शहाणा दुकानदार असेल तर सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर तो नंबर टाकून चोरीचा तर नाही ना ते पण तपासतो. आणि सगळ्यात शेवटी विचारतो, "भिया, आयडी निकाली क्या?" कारण जुन्या मालकाचा ॲपल आयडी, म्हणजे त्याचं खातं, आत राहिला तर तो फोन पेपरवेट म्हणून पण महाग. बिल-बॉक्स सकट असेल तर भाव वेगळा, नुसता पीस असेल तर वेगळा. हे सगळं चालू असताना मागे भंवरकुआंची कोचिंगवाली पोरं उभी असतात, दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल शोधत. यांनी पाठ फिरवलीय?

आणि हा सौदा नव्या विक्रीच्या आकड्यात कुठेच येत नाही. सरकारी हिशोबात पण तो वेगळ्या तऱ्हेने येतो. जुन्या मालावर मार्जिन स्कीम असते, म्हणजे दुकानदाराने फोन 26,000 ला घेतला आणि 30,000 ला विकला तर जीएसटी 30,000 वर नाही, मधल्या 4,000 वर. कर त्या फरकावर लागतो, त्यामुळे करावरून बघायला गेलात तर 30,000 चा आयफोन 4,000 चं काहीतरी विकल्यासारखा दिसतो. नव्या पीसवर दुकानदाराला सुटतं फार थोडं, ओढ सगळ्यांची या जुन्याकडे, त्यामुळे शोरूम रिकामं दिसणं आणि धंदा मंद असणं या दोन गोष्टी एक नाहीत.

अजून एक गिऱ्हाईक आहे जे कोणीच मोजत नाही. इथल्या सानंद संस्थेच्या मराठी नाटकाला मध्यंतरात बघा, आमच्या वयाच्या निम्म्या बायकांच्या हातात आयफोन असतो आणि त्यातली एकही दुकानात गेलेली नसते. पोरगा पुण्याला नाहीतर बंगलोरला, त्याने नवा घेतला की जुना आईकडे येतो, आईचा होता तो बाबांकडे सरकतो. शेजारच्या वहिनींकडे असा तिसऱ्या हातचा फोन आहे आणि मुलाने अँड्रॉइड घेऊन देतो म्हटलं तर त्या नको म्हणाल्या, आता हाताला हाच बसलाय. ही मागणी नाही तर काय आहे?

लेखात किंमतीमुळे लोक दूर गेले असं पण आहे. किंमत जास्त आहेच, नाही कोण म्हणतं, त्यात मोबाइलवर 18 टक्के जीएसटी, 2020 च्या एप्रिलपर्यंत 12 होता. पण हे बघा, आयफोन 12 आपल्याकडे 79,900 ला आला होता, 13 पण 79,900, 14, 15, 16 सगळे 79,900 लाच. 17 आला तेव्हा 82,900 झाले पण स्टोरेज डबल दिलं. एवढ्या वर्षात तूरडाळ, शाळेची फी, घरभाडं कुठल्या कुठे गेलं. शिवाय नवा आला की मागचा दहा हजाराने उतरतो, आणि नो कॉस्ट ईएमआयने तर लोकांना पूर्ण किंमत दिसेनाशीच झालीय, पोरं महिन्याचा हप्ता सांगतात, फोनची किंमत विचारली तर आठवत नाही. ते चांगलं की वाईट हा वेगळा विषय, मला विचाराल तर वाईटच. पण विक्री त्याने वाढते, घटत नाही.

लाइनीचं पण तसंच. इंदूरला लाँचच्या दिवशी लाइन लागली नाही असं लिहिलंत. इथे कंपनीचं स्वतःचं दुकान नाही, बुकिंग ऑनलाइन होतं आणि फोन घरी येतो, लाइन लावायची कुठे? मुंबईत 19 सप्टेंबर 2025 ला आयफोन 17 साठी बीकेसीच्या दुकानासमोर धक्काबुक्की झाली होती, त्यावरून भारत आयफोनसाठी वेडा झालाय असंही लिहून आलं. ते पण तेवढंच पोकळ.

खरी चिंता दाखवायची असती तर चीनची दाखवता आली असती. हुआवे या चिनी कंपनीचा मेट 60 फोन ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्याच्या पुढच्या आर्थिक वर्षात ॲपलचा चीन, हाँगकाँग, तैवान धरून होणारा धंदा साधारण 8 टक्क्यांनी उतरला. आणि जगभरचा आयफोनचा पैसा 2022 ला 205 अब्ज डॉलर, मग 200, मग 201, म्हणजे तीन वर्षं गाडी एकाच गिअरमध्ये. 2025 ला 209 वर गेली. याला धंदा थांबलाय म्हणा, मी हरकत घेणार नाही. पण शांघायचं दुखणं इंदूरच्या शोरूममध्ये आणून चिकटवायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आकड्याच्या शेजारी तो कशाचा आहे, नगांचा की पैशाचा, डीलरपर्यंतचा की गिऱ्हाईकापर्यंतचा, किती आठवड्यांचा, एवढं छापा. आणि वाचकांना उपयोगी काही द्यायचं असेल तर हे द्या: जुना आयफोन घ्यायचा असेल तर सप्टेंबरचा नवा येईपर्यंत थांबावं, त्यानंतर एक्सचेंजचा माल बाजारात उतरतो आणि भाव पडतात. घेताना जुन्या मालकाला समोर उभं करून आयडी काढून घ्यावा, आणि कच्च्या चिठ्ठीवर न घेता पक्कं बिल मागावं, त्यावर आयएमईआय लिहिलेला असला पाहिजे. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या, मार्जिन स्कीममध्ये पण बिल द्यावंच लागतं.

आपली,
एक नियमित वाचक,
सुदामा नगर, इंदूर