देश नको, नदी विचारा

लिऑन (फ्रान्स), जुलै 2014

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोन झाला नाही. लॅबमधली एक गोष्ट सांगायची होती, ती फोनवर धड सांगता आली नसती.

तिशीतल्या एका माणसाला कित्येक महिने लघवीतून रक्त जात होतं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, सोनोग्राफी झाली, कॅन्सरच्या धास्तीनं घरच्यांची झोप उडाली. फॉर्मवर लिहिलेलं, 'आफ्रिका प्रवास : नाही.' सकाळच्या नमुन्यात मला काही सापडलं नाही. पण रक्त लघवीच्या शेवटी येतं, एवढी एक नोंद डोक्यातून जाईना. मी भर दुपारचा नमुना मागवला, कारण मला ज्या कृमीचा संशय होता, त्याची अंडी लघवीत त्याच वेळी जास्त पडतात. दहा मिली गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर लांबट अंडं आणि एका टोकाला काटा. शिस्टोसोमा, मुख्यतः आफ्रिकेत आढळणारा तो कृमी!

नमुने बदलले असतील, असं वरिष्ठांना वाटलं. मी म्हटलं, त्याला देश नको, नदी विचारा. गेल्या उन्हाळ्यात तो कॉर्सिका बेटावर कावू नदीत पोहला होता. तिथल्या गोगलगाईंतून या कृमीची पिल्लं पाण्यात उतरतात आणि कातडीतून माणसात शिरतात. तिथे पोहलेल्यांना हा रोग झाल्याच्या बातम्या नुकत्याच आल्यात, यंदा नदीत उतरायला बंदी आहे. तरी फॉर्म अजून आफ्रिकाच विचारतो. याचा मला खरंच संताप येतो.

बाबा, आपली एसटी गिमवीवरून जायची, आठवतं? डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) असताना सरांनी सांगितलं होतं, 1952 साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी हाच लघवीतून रक्त जाण्याचा रोग गिमवीत असल्याचं दाखवून दिलं. भारतात तो असेल असं तेव्हा कुणी धरतच नव्हतं. आपल्या गुहागर तालुक्यातलं गाव वर्गात ऐकून मी ताठ बसले होते. ते अंडं दिसलं तेव्हा पहिल्यांदा गिमवीच आठवली.

त्या माणसाला प्राझिक्वांटेल हे कृमीवरचं औषध दिलंय, वजनाच्या हिशेबानं. त्याच्यासोबत पोहलेल्या त्याच्या भाचरांनाही तपासायला बोलावलंय. त्यांचे नमुने उद्या दुपारी येतील, ते मीच बघणार आहे.

आई, गुडघ्याला तेल लावत जा. बाबा, गिमवीकडे गेलात तर तिथल्या पऱ्याचा, त्या ओढ्याचा, एक फोटो पाठवा. इथे सगळ्यांना दाखवायचाय.

तुमची,
माई