आमचं आढं सरळ करणाऱ्या मिस्त्रीकाकांना

ती. मिस्त्रीकाका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हांला मोबाइलवर वाचून दाखवणार आहे, तसं त्यानं कबूल केलंय. नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून घातलेलं नाही. आमच्या दापोलीकडच्या केळशी-आंजर्ले पट्ट्यात तुम्हांला ओळखणारे तसेही ओळखतील. चारचौघांत लिहितेय ते एवढ्यासाठी की वादळानंतर घराचं छप्पर कसं बघायचं, ते तुम्ही मला सहा दिवसांत शिकवलंत आणि ते माझ्या एकटीजवळ राहू नये.

एक गोष्ट आधीच लिहून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत घशात अडकून राहील. तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा तुमच्या स्वतःच्या घराचं एक अख्खं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, उघडं होतं. ताडपत्री बांधून, माणसं खालच्या खोलीत ठेवून तुम्ही बाहेर पडला होतात. आम्हांला हे गणपतीत कळलं, तेही तुमच्याकडून नाही.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, हे नंतर वाचलं. त्या वेळी आई आणि मी माजघरात भिंतीला पाठ लावून बसलो होतो. कौल उडताना आवाज होत नाही, पडल्यावर होतो. एकामागून एक मागच्या अंगणात फुटत होती आणि आई तोंडानं मोजत होती. कशाला मोजत होती कोण जाणे. मग माजघरात एकदम उजेड झाला. आमच्या माजघरात भरदुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, तिथे उजेड! त्या उजेडाची वाटली तेवढी भीती मला वाऱ्याचीही वाटली नव्हती.

त्या वर्षी वैशाखात घर शाकारलंच नव्हतं. टाळेबंदी होती, गडी मिळत नव्हते, दोघे भाऊ मुंबईत अडकलेले. दरवर्षी कौलं परतताना सैल झालेली रीप (कौलाखालची आडवी पट्टी), कुजलेला वासा (रिपेखालचं उतरतं लाकूड) हाताला लागतो, तो त्या वर्षी कुणाच्या हाताला लागला नाही. वादळानंतर वीज गेली, फोन गेले, रस्त्यावर आंबे, फणस, सुपाऱ्या आडव्या. भावांना आम्ही जिवंत आहोत एवढंच कळायला तीन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावून वर गेले. मोठ्या भोकावर ताडपत्री पसरली आणि ती उडू नये म्हणून वर जांभ्याचे तुकडे ठेवले. रात्री वाऱ्यानं ताडपत्री फुगली, दगड घरंगळले आणि धड असलेली नऊ कौलं फोडून खाली आले. एक दगड आईच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर पडला. तो दगड मी अजून ठेवलाय.

५ जूनला वटपौर्णिमा होती. वाडीतला वड मुळासकट आडवा झाला होता. बायकांनी त्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं. तेवढ्यात तुम्ही आलात, खांद्यावर दोर, हातात कोयता, गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं, आता हा माणूस वर चढेल. तुम्ही मात्र अंगणाच्या कडेला उकिडवे बसलात आणि नुसते बघत राहिलात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला राग आला होता, काका. आभाळ भरून आलेलं, घर उघडं, आणि हे बसलेत! मी शिडी आणायला निघाले तर म्हणालात, “बाय, वर चढू नको. घर खालून बघायचा असता आधी.”

मग पहिला प्रश्न विचारलात: मेनस्विच बंद केलाय का? केला नव्हता. वीज नाहीच तर बंद काय करायचं, असं मला वाटलं होतं. तुम्ही तो बंद करायला लावलात. भिजलेल्या वाशांवरून वायर गेलीय, तिकडे कुणी लाइन जोडली तर इकडे काय होईल, ते सांगितलंत. सुपारीच्या बागेत पडलेल्या तारेजवळ आईला फिरकू दिलं नाहीत.

दुसरा प्रश्न मला कळलाच नाही. “वारा पहिला कुठून आला?” मी म्हटलं, समुद्राकडून, आणखी कुठून येणार? तुम्ही मला बागेत नेलंत. पडलेल्या सुपाऱ्या एकमेकींवर पडल्या होत्या. सगळ्यांत खालच्या पश्चिमेकडे, समुद्राकडे तोंड करून पडलेल्या. त्यांच्यावरच्या उत्तरेकडे. सगळ्यांत वरच्या पूर्वेकडे, डोंगराच्या बाजूला. म्हणजे वारा आधी डोंगराकडून आला, मग दक्षिणेकडून आणि वादळ वर सरकल्यावर शेवटी समुद्राकडून. दोन तास आम्ही घरात बसून जे ऐकलं, ते तुम्ही झाडांवरून वाचून दाखवलंत.

हे कळणं का गरजेचं, तेही सांगितलंत. वारा ज्या पाख्यावर आदळतो त्यावरची कौलं तो बहुधा दाबून धरतो. आढ्यावरून, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईवरून, पलीकडे जाताना मात्र पलीकडच्या पाख्यावरची कौलं वर ओढतो, आढ्याजवळची आणि कडेची आधी. आमचं आढं दक्षिणोत्तर. डोंगराकडच्या वाऱ्यानं समुद्राकडचं पाखं उचकटलं, त्याचं भलंमोठं भोक सगळ्या वाडीनं बघितलं होतं. पण मग समुद्राकडच्या वाऱ्यानं डोंगराकडचं पाखं सोडलं असेल का? ते तर धड दिसत होतं. एकही कौल पडलं नव्हतं. आई म्हणालीसुद्धा, “ती बाजू देवानं राखली.”

तुम्ही कोयता डोळ्यांसमोर आडवा धरलात आणि माझ्या हातात दिलात. “आढ्याची रेघ बघ.” बघितली. मधोमध आढं बोटभर खाली बसलेलं होतं. पंचवीस वर्षं ज्या घरात वाढले, त्याच्या आढ्याची रेघ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. फणसाची फांदी डोंगराकडच्या पाख्यावर आपटून खाली गेली होती. कौलं होती तिथेच होती, त्यांच्याखालचे दोन वासे मात्र मोडले होते. मी आदल्या दिवशी शिडी त्याच बाजूला लावली होती.

मग आत. दुपारी बारा वाजता सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्यात, आम्हां दोघींना अंधारात बसवलंत आणि वर बघायला सांगितलंत. डोळे सरावले तसे कवडसे दिसायला लागले. बाहेरून जिथे काहीच कळत नव्हतं तिथेही सुईएवढे, तांदळाएवढे उजेडाचे ठिपके. प्रत्येकाखाली वाशावर कोळशानं खूण करत गेलो. ४३ खुणा झाल्या. संध्याकाळी सर येऊन गेली, तेव्हा टॉर्च घेऊन पुन्हा बघितलं. पाणी खुणेजवळ टपकत नव्हतं, चार हात खाली टपकत होतं. ते रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाखालून घसरतं आणि वाट संपेल तिथे पडतं. म्हणून गळतंय तिथलं कौल बदलून काही होत नाही, ओल्या रेघेचा माग वर काढायचा. इतकी वर्षं आम्ही स्वयंपाकघरातल्या गळतीखाली पातेलं ठेवत होतो. तिचं मूळ देवघराच्या वर निघालं.

ताडपत्री तुम्ही अशी बांधलीत की काम होईपर्यंत हलली नाही. भोकावर ठिगळ लावलं नाही. आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर दोन हात उतरवलीत, म्हणजे वरून पाणी शिरायला तोंडच नाही. खालची कड वळचणीबाहेर काढलीत, कडेला रिपा गुंडाळून दोर आतल्या वाशांना बांधलात. वर एकही दगड नाही. माझ्या दगडांबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

आणि ताडपत्री घालण्याआधी फोटो. मोबाइल मेलेला होता. तुम्ही तो घेऊन वरच्या वाडीत गेलात आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करून आणलात. लांबून अख्खं घर, मग घराचा नंबर दिसेल असा, मग मोडके वासे, भिजलेलं धान्य, फुटक्या कौलांचा ढीग. खापऱ्या मी भरून टाकायला घेतल्या होत्या, त्या अडवल्यात. “तलाठी येऊन बघून जाऊ दे. पंचनामा झाल्याबिगर खापरी हलवायची नाय.” तलाठी नि ग्रामसेवक आले तेव्हा तो ढीग आणि ते फोटो दोन्ही होते. आमचा पंचनामा एका फेरीत झाला. ज्यांनी अंगण झाडून लख्ख केलं होतं, त्यांना समजावत बसावं लागलं.

कौलांची निवड आईला दिलीत. हे मला फार आवडलं होतं. तिचे गुडघे दुखतात, ती वर चढू शकत नाही, पण तुम्ही तिला ओटीवर बसवून एकेक कौल बोटाच्या सांध्यानं वाजवायला सांगितलंत. धड कौल टणकन वाजतं. केसाएवढी चीर गेलेलं बद्द वाजतं, मग डोळ्यांना ते कितीही चांगलं दिसो. दोन दिवस आमच्या ओटीवर टण, टण, बद्द, टण चाललं होतं. वादळानंतर तोवर गप्प बसलेली आई त्या कामात बोलायला लागली. तुम्ही हे मुद्दाम केलंत का, ते मी कधी विचारलं नाही.

नवी कौलं मिळत नव्हती. पत्र्यांसाठी लोक महाड-माणगावपर्यंत हेलपाटे घालत होते. एका ब्रासाला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, दीडशेच्या आसपास कौलं लागतात, आणि आमची दोन ब्रासांहून जास्त गेली होती. भाऊ फोनवर म्हणत होता की सगळं काढून सिमेंटचे पत्रे टाका. तुम्ही पत्र्याला नावं ठेवली नाहीत. पण आमचे जुने वासे कौलांच्या मापानं घातलेत, पत्रा घालायचा तर सांगाडा वेगळा लागेल आणि घाईत हुक मारलेला पत्रा पुढच्या वाऱ्यात कुणाच्या तरी मानेवर जाईल, हे शांतपणे सांगितलंत. गोठ्यावरची कौलं उतरवून घरावर घेतली आणि गोठ्याला विणलेल्या झावळ्यांचे झाप घातले.

तिथेही एक गोष्ट शिकले. आमच्याकडे कौलाला सरसकट मंगलोरी म्हणतात. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासूनचं ते नाव, पुढे कारखाने बरेच झाले. तुम्ही प्रत्येक कौल उलटं करून पोटावरचा छाप बघत होतात. छाप वेगळा तर साचा वेगळा, आणि साचा वेगळा तर एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. वरून सारखी दिसणारी कौलं एका ओळीत मिसळली की फटी राहतात. आमच्या घरावर तीन छापांची कौलं निघाली. तुम्ही ती वेगळी करून स्वतंत्र पट्ट्यांत घातलीत, वळचणीपासून वर आढ्याकडे. खालच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्याजवळची ओळ तारेनं रिपांना बांधलीत. मधली मोकळी ठेवलीत, म्हणजे पुढच्या वर्षी परतता येतील. मोडक्या वाशांच्या जागी आमच्याच पडलेल्या फणसाचं लाकूड लावायचं माझ्या मनात होतं. ओलं लाकूड पिळवटतं म्हणून तुम्ही नको म्हणालात आणि गोठ्यातले जुने सागाचे वासे काढलेत.

शेवटचे कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, तुम्ही १० जूनला संध्याकाळी मालात बसवलेत. ११ जूनला मोसमी पाऊस हर्णैला पोचल्याचं रेडिओवर सांगितलं. आम्हांला रेडिओची गरज नव्हती, पागोळ्या लागल्या होत्या. आई रात्रभर अंथरुणावर बसून वर बघत होती. सकाळी म्हणाली, “एक थेंब नाही गो.” आणि रडली. ३ तारखेपासून ती रडली नव्हती.

पैशांचंही लिहिते, कारण ते लिहायला हवं. त्या दिवसांत एका रोजाला लोक मागाल ते देत होते. तुम्ही आदल्या वर्षीचाच रोज घेतलात. आईनं वर काही ठेवलं तर ते आमच्याच तुळशीपाशी ठेवून गेलात. आम्हांला तेव्हा ठाऊक असतं की तुमच्या घरी पाणी ठिबकतंय, तर आम्ही तुम्हांला आधी घरी पाठवलं असतं. म्हणूनच तुम्ही सांगितलं नाहीत. मला हे अजूनही पुरतं झेपलेलं नाही, काका. तुमच्या घरातल्या माणसांचेही आभार, ती ओल्यात राहिली म्हणून आम्ही कोरड्यात निजलो.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, किनाऱ्याकिनाऱ्यानं वर गेलं. आमची सहा कौलं सरकली, आढं जागचं हललं नाही. मेनस्विच मी आदल्या रात्रीच बंद केला होता. वारा पडल्यावर शिडी काढली नाही, अंगणात बसून बघत राहिले. आता दरवर्षी वैशाखात तशी बसते, मग दुपारी दारं लावून कवडसे मोजते. वाडीतल्या पोरीही येऊन बसतात. कोळसा त्यांच्या हातात देते.

तुमच्या गुडघ्याला यंदा त्रास होतोय, असं नातू म्हणाला. तेव्हा एक विनंती आहे. या वर्षी तुमच्या घराची शाकारणी आम्ही करू. भाऊ अक्षय्य तृतीयेला येतोय, वर तो चढेल. तुम्ही अंगणात उकिडवे बसा आणि आढ्याची रेघ तेवढी बघा. परड्यात तुम्ही रचून ठेवायला सांगितलेली ज्यादा कौलं अजून तशीच आहेत, उभी. आईनं परवा सगळी वाजवून बघितली. त्यांतली सतरा तुमच्या छापाची आहेत, ती घेऊन येतो.

तुमची,
मधल्या आळीतली बाय