गोदेच्या वळणांना मोकळीक द्या

गोदावरीच्या काठांची धूप थांबवण्यासाठी नाशिक परिसरात सलग काँक्रीटची भिंत बांधावी, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात वाचला. त्यामागची तळमळ मान्य असली, तरी हा उपाय मला पटत नाही. वळणावर बाहेरच्या काठाशी प्रवाहाचा वेग अधिक असल्याने तो काठ झिजतो, आतल्या बाजूस वेग मंदावून गाळ साचतो, आणि याच क्रमाने नदी आपले पात्र हळूहळू सरकवत असते. एक काठ बांधून काढल्याने पुराचा जोर ओसरत नाही. भिंत जेथे संपते तेथील मळ्यांवर तो आदळतो.

या प्रवाहाची ताकद कमी लेखू नये. बेसॉल्टसारखा कठीण खडकही तो कापतो, हे सोमेश्वरच्या धबधब्यापाशी कोणालाही पाहता येते. निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे तर भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरले आहेत. त्यातच गंगापूर धरणात बराच गाळ अडकत असल्याने गाळाचा भार नसलेले विसर्गाचे पाणी खालचा तळ आणि काठ अधिक खरवडू शकते. २०१६ आणि २०१९ चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत.

रामकुंडाचे जुने दगडी घाट जपलेच पाहिजेत. अन्यत्र मात्र पूररेषेच्या आत नवे बांधकाम होऊ न देता, मातीच्या काठांवर करंज, उंबर, जांभूळ यांसारखी माती धरून ठेवणारी झाडे लावावीत आणि भिंतीसाठीचा खर्च त्यांच्या जोपासनेकडे वळवावा, अशी महापालिकेला आग्रहाची विनंती आहे.

— एक वाचक, नाशिक